पायरीवरच्या अकरा जणी

सोमवार, तिसरा तास, इयत्ता नववी. मैदानाच्या कडेला पाच पायऱ्या होत्या आणि त्यांवर अकरा मुली बसल्या होत्या. प्रत्येकीची चिठ्ठी माझ्या हजेरीपटात. ‘पोटात दुखत आहे’, ‘पाय मुरगळला आहे’, ‘बरे नाही, कृपया बसू द्यावे’. एकीच्या चिठ्ठीवरची वडिलांची सही दर आठवड्याला बदलायची, पण अक्षर मात्र मुलीचंच असायचं. वर्गात मुली ३८. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा बाहेर.

हे प्रकरण त्या एका वर्गाचं आणि एका वर्षाचं आहे. मुलींच्या त्या शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवत होते. शाळेचं नाव घालत नाही. जे चुकलं त्यात माझाच वाटा मोठा होता.

पहिल्या सत्राच्या मध्यावर शिक्षक सभेत विषय निघाला. मुख्याध्यापिकांनी कुठूनसा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आणला होता. ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, अशी शिफारस आहे. १४६ देशांतल्या शाळकरी मुलांच्या २०१६ पर्यंतच्या माहितीनुसार ११ ते १७ वयोगटातल्या ८५ टक्के मुली आणि ७८ टक्के मुलगे तेवढीही करत नाहीत. मुख्याध्यापिकांनी आकडा वाचला, चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, जणू ते ८५ टक्के माझ्याच वर्गातले होते.

मग उपाय सुचू लागले. कोणी म्हणालं, चिठ्ठीमागे गुण कापा. कोणी म्हणालं, पालकांना बोलवा. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाल्या, “अहो, या वयात मुलींना झेपत नाही. हलका व्यायाम द्या.” त्या मनापासूनच बोलत होत्या, पण हे वाक्य फार जुनं आहे. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये महिलांची ८०० मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. जर्मनीच्या लीना राड्केनं ती २ मिनिटं १६.८ सेकंदांत, विश्वविक्रमी वेळेत जिंकली. पण वर्तमानपत्रांनी विक्रमापेक्षा शर्यतीनंतर दमलेल्या बायकांचीच भडक वर्णनं छापली, आणि ती शर्यत ऑलिंपिकमध्ये परत यायला १९६० चं रोम उजाडावं लागलं. पुरुष धावून आडवा झाला तर तो जिद्दी. बाई आडवी झाली तर तिला झेपत नाही. सभेत मी हे बोलले नाही. त्या वेळी माझं स्वतःचं मत काही फार वेगळं नव्हतं. मला वाटत होतं, या मुली आळशी आहेत.

वही

गुण कापायचे तर पुरावा हवा, म्हणून मी वही घातली. तारीख, तास, काय घेतलं, किती बसल्या. सहा आठवडे.

नववीला आठवड्यात माझे दोन तास होते. सोमवारी तिसरा, गुरुवारी शेवटचा. वही चाळताना पहिल्यांदा जाणवलं, की सोमवारी दहा-अकरा-बारा जणी बसतात आणि गुरुवारी चार-पाच. मुली त्याच, मैदान तेच, मीही तीच. पोट काय फक्त सोमवारी दुखतं? वर्गशिक्षिकांना सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या, “सोमवार आहे हो, सगळ्यांचाच असतो.” तेही पटलं. पण पुढे एका कार्यक्रमामुळे वेळापत्रक फिरलं आणि सोमवारचा माझा तास शेवटी गेला. त्या सोमवारी पायरीवर तिघीच होत्या.

म्हणजे दोष वाराचा नव्हता, तासाच्या क्रमांकाचा होता. तिसऱ्या तासानंतर चौथा तास असतो, आणि आमचा चौथा तास होता गणिताचा. उशिरा येणाऱ्या मुलीला त्या बाई दाराशी उभं करायच्या. कपडे बदलायच्या खोलीत दोन आडोसे, त्यातल्या एकाच्या दाराला कडीच नाही. तिथे एक मुलगी कपडे बदलायची आणि दुसरी बाहेरून दार धरून उभी राहायची. ३८ मुली, दोन आडोसे, पाच मिनिटं. त्यातून वेळेत सुटायचं तर दोनच मार्ग: घामेजलेल्या कपड्यांवर गणवेश चढवून पुढचे सगळे तास तसंच बसायचं, किंवा मुळात घामच येऊ द्यायचा नाही. अकरा जणींनी दुसरा मार्ग धरला होता. ती खोली माझ्या ताब्यात होती आणि तिची किल्ली माझ्याच जुडग्यात. कडी तुटल्याचं मला वर्षभर माहीत होतं.

सहा मिनिटं चाळीस सेकंद

इथेच थांबले असते तर हे प्रकरण कडी बसवून मिटलं असतं. पण त्याच सुमारास एक प्रशिक्षणार्थी शिक्षिका दोन आठवड्यांसाठी आली. तिला मी माझंच पाठटाचण दिलं होतं, बास्केटबॉलचं. मी पायरीवर, बसणाऱ्या मुलींच्या शेजारी जाऊन बसले. नोकरी लागल्यापासून मी त्या पायरीवर पहिल्यांदाच बसत होते.

हातात स्टॉपवॉच होतं. सहज एक मुलगी निवडली. फार चपळ नाही, फार मागेही नाही, चिठ्ठी कधीच न आणणारी. ती हालली की घड्याळ चालू, थांबली की बंद. हजेरी झाली, ती उभी. सूचना झाल्या, ती उभी. रांगेत बारावी, म्हणून उभी. चेंडू आला, तिनं तीन टप्पे घेतले, रिंगणाकडे फेकला, चुकला, आणि ती रांगेच्या शेपटाला जाऊन पुन्हा उभी. तास ३५ मिनिटांचा. घड्याळात जमले सहा मिनिटं चाळीस सेकंद. तेवढ्यात चेंडू तिच्या हाती चार वेळा आला.

शारीरिक शिक्षणाच्या तासातला निदान अर्धा वेळ विद्यार्थी प्रत्यक्ष हालचालीत असावेत, हा निकष माझ्या पेशात सगळ्यांना तोंडपाठ असतो. मलाही होता. माझं टाचण त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हतं. आणि ही चिठ्ठी न आणणारी मुलगी, माझ्या हजेरीपटात ‘सहभागी’.

मी घड्याळाकडे बघत बसले होते. वरच्या पायरीवरून आवाज आला, “बाई, ती आणि आम्ही सारखंच करतोय. ती उन्हात उभी आहे, आम्ही सावलीत बसलोय.”

हे बोलणारी मुलगी वर्गातली सगळ्यात उंच. आगाऊपणा म्हणून मी तिला दटावायला हवं होतं, असं अजूनही काही सहकाऱ्यांना वाटतं. माझ्याकडे मात्र उत्तर नव्हतं. सहा आठवडे मी बसलेल्या मुली मोजत होते. मोजायला हव्या होत्या त्या उभ्या असलेल्या.

उंच मुलगी

हिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सातवीत ती शाळेच्या रिले संघात होती. आठवीत तिनं संघ सोडला, नववीत चिठ्ठ्या सुरू झाल्या. मी तिच्या नावापुढे मनातल्या मनात ‘हवा शिरली’ असा शेरा मारून ठेवला होता.

एकदा जाळीच्या पिशवीत चेंडू भरायला ती थांबली, तेव्हा हळूहळू बोलली. वर्षभरात ती भराभर वाढली होती. गुडघ्याखाली, नडगीच्या वरच्या टोकाला जिथे हाडाचा उंचवटा लागतो तिथे दुखायचं. धावताना पाय आपले वाटायचे नाहीत. “पहिले पाय पुढे जातात, मग मी जाते,” हे तिचे शब्द. आणि वर्षाच्या सुरुवातीला मी घेतलेली बीप टेस्ट. ती म्हणाली, “सगळ्यांसमोर मी तिसरी बाहेर पडले, बाई. सातवीत मी शेवटपर्यंत होते.”

ही चाचणी लुक लेजे या कॅनडातल्या संशोधकाची. २० मीटरच्या दोन रेषांमध्ये ध्वनीच्या तालावर ये-जा करायची. वेग ताशी ८.५ किलोमीटरपासून सुरू होतो आणि दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरनं वाढत जातो. दम मोजायला चाचणी उत्तमच. पण ती शाळेत जशी घेतली जाते, तशात आधी कोण पडलं हे सगळा वर्ग बघतो. सगळ्यात कच्ची मुलगी सगळ्यात आधी बाहेर, आणि उरलेला वेळ तिनं कडेला उभं राहून पक्क्या मुलींना पाहायचं. वर्षाची सुरुवात मी याच चाचणीनं करायची, वर्षानुवर्षं, आणि नंतर विचारायची की मुलींना मैदान नकोसं का होतं.

उंच मुलीच्या बाबतीत तर शरीराचा हिशेबही मला कळायला हवा होता. मुलींची उंची सर्वांत वेगानं वाढते ती सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास, काहींची त्यानंतर. हात-पाय आधी लांबतात, धड मागून येतं, वजन वाढतं, ताकद त्याहून उशिरा येते. मधल्या काळात कालपर्यंत जमणारी उडी आज जमत नाही. गुडघ्याखालच्या त्या दुखण्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. मांडीच्या स्नायूंचा ताण वाढत्या हाडाच्या टोकावर येतो आणि ते दुखतं. खेळ थोडा कमी केला, उड्या आवरल्या, की बहुतेकींचं वाढ पुरी होईपर्यंत आपोआप शमतं. मुलगी बिघडलेली नसते, वाढत असते. आमच्या अभ्यासक्रमात हे होतं. परीक्षेत मी त्यावर गुणही मिळवले होते.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली नाही, मला विचारावी लागली. धावताना छातीला त्रास होतो का? ती लाल झाली, मग मान हलवली. ब्रिटनमध्ये ११ ते १८ वर्षांच्या दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलींची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या जवळजवळ निम्म्या मुलींनी स्तनांमुळे आपल्या खेळण्यावर परिणाम होतो असं सांगितलं होतं. आधार देणारी योग्य मापाची स्पोर्ट्स ब्रा, एवढाच बऱ्याच अंशी उपाय. मुलींच्या शाळेत, सगळ्या शिक्षिका बायका, आणि हा शब्द आम्ही कधी वर्गात उच्चारलेला नव्हता. नंतर एका महिला डॉक्टरांना बोलावून एक तास घेतला. पहिली दहा मिनिटं खिदळण्यात गेली, पुढची वीस टाचणी पडेल अशा शांततेत. चिठ्ठ्यांतून प्रश्न मागवले होते. त्या वर्षी मला मिळालेल्या चिठ्ठ्यांपैकी खऱ्या म्हणाव्यात अशा त्याच.

काय बदललं

कडी बसवली. त्याला एक संध्याकाळ लागली.

मैदानाच्या तासाच्या दिवशी मुलींनी दिवसभर खेळाच्याच पोशाखात यावं, हा प्रस्ताव मात्र तीन सभा चालला. शिस्तीचं काय होणार, हा मुख्य आक्षेप. त्यात माझी दुसरी मागणी होती, पांढरी पँट बंद करून गडद रंगाची करण्याची. ‘पांढरा ही शाळेची ओळख आहे’ असं उत्तर आलं. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या पँटमध्ये उडी मारायची कल्पना करून बघा, असं मी म्हटलं, तेव्हा सभेतल्या प्रत्येक बाईला आपापली नववी आठवली असणार, पण कोणी बोललं नाही. शेवटी विम्बल्डन उपयोगी पडलं. १८७७ पासूनची ती स्पर्धा, पांढऱ्या कपड्यांबाबत कर्मठ. तिनंही २०२३ पासून महिला खेळाडूंना स्कर्टखाली गडद शॉर्ट घालायला मुभा दिली. इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघानं त्याच वर्षी पांढऱ्या शॉर्ट सोडून निळ्या घेतल्या. ज्या गोष्टी आमच्या मुलींनी कधीच्या चिठ्ठ्यांतून कळवल्या होत्या, त्या टेनिसवाल्यांनी सांगितल्यावर मंजूर झाल्या. असो, मंजूर झाल्या.

चेंडूंची गोष्ट सांगायला मला जड जातं. कपाटात सात चांगले बास्केटबॉल होते, शाळेच्या संघासाठी राखून ठेवलेले. वर्गाच्या तासाला तीनच मिळायचे. त्यातला एक टणक, एक अर्धवट हवेचा आणि एक इतका अंडाकृती की टप्पा घेतला की बाजूला पळायचा. रांगा लांब का होत्या, याचं अर्धं उत्तर त्या कपाटात होतं. संघ बारा मुलींचा. तो चषक आणतो, चषक कार्यालयाबाहेरच्या काचेत दिसतात. बाकी मुली कुठेच दिसत नाहीत. कपाट उघडल्यावर संघाची कर्णधार तक्रार घेऊन आली, “बाई, आमचे बॉल खराब होतील.” ती ‘आमचे’ म्हणाली याचं मला वाईट वाटलं, पण तो शब्द माझ्याकडूनच गेला होता.

दहा चेंडू झाले आणि रांग मोडली. एका मोठ्या सामन्याऐवजी चार-चार जणींचे छोटे सामने, अर्ध्या मैदानावर, सहा सहा मिनिटांचे. दोन कर्णधारांनी एकेक नाव उचलत संघ निवडायची पद्धत बंद केली. शेवटी उरणारी मुलगी कोण हे प्रत्येक वेळी सगळ्यांना आधीच माहीत असतं. बीप टेस्ट ठेवली, पण जोड्यांनी. एक धावते, दुसरी पाठमोरी उभी राहून शिट्टी मोजते, आकडा फक्त त्या मुलीच्या कार्डावर.

सुरुवातीच्या दौड-कवायतीऐवजी उडी मारून नीट उतरणं शिकवलं. किशोरवयापासून मुलींच्या गुडघ्याच्या आत असणारा एक अस्थिबंध, एसीएल, त्याच खेळात मुलग्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा फाटतो, आणि उतरताना गुडघे आत कलणं हे त्याचं एक कारण मानतात. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुली फुटबॉलपटूंवर झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा तोल-ताकद-उतरण्याच्या सरावानं एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशानं घटल्या. आम्ही आरशासमोर नव्हे, एकमेकींसमोर उभं राहून हे केलं. “गुडघे भेटतायत” हा शब्द मुलींनीच काढला. कोणी उतरताना गुडघे आत आले की समोरची ओरडायची, “भेटले, भेटले!”

आणि चिठ्ठी घेणं मी बंद केलं. कारण विचारायचं नाही. रोज तीन कामं: खेळणं, मैदानाभोवती चालणं, किंवा गुण आणि वेळ नोंदवणं. पाळी असली म्हणून व्यायाम बंद करायचं वैद्यकीय कारण नसतं. काहींच्या कळा हालचालीनं कमीच होतात, काहींना मात्र उभंही राहवत नाही. कोणती मुलगी कोणत्या दिवशी कुठे बसते, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. सहकाऱ्यांना वाटलं, सगळ्या चालतच राहतील. पहिल्या आठवड्यात तसंच झालं. तिसऱ्या आठवड्यात चालणाऱ्या मुली कंटाळल्या.

चालणाऱ्यांतच एक जण होती, जी अर्ध्या फेरीत धापा टाकायची. पूर्वी तिच्या चिठ्ठीवर ‘चक्कर येते’ असं असायचं आणि मी त्यावर कधी विश्वास ठेवला नव्हता. आता तिला खोटं बोलायचं कारणच उरलं नव्हतं, तरी ती धापा टाकत होती. घरच्यांना कळवलं, रक्त तपासलं, हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. या वयात मुलींसाठी १२ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. उपचार सुरू झाले. तिच्या जुन्या चिठ्ठ्या अजून माझ्या हजेरीपटात आहेत.

वर्षाअखेर

दुसऱ्या सत्रात पुन्हा तशीच एक मधली मुलगी निवडून मोजलं. सोळा मिनिटं दहा सेकंद. निम्म्याला अजून थोडं कमी. पायरीवर सोमवारी दोघी, कधी तिघी.

उंच मुलगी रिले संघात परतली नाही. मी दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणाली. ती छोट्या सामन्यांत खेळते, रिंगणाखाली उभी राहून चेंडू अडवते आणि मोठ्यानं हसते. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. संघाला त्या वर्षी चषक मिळाला नाही, आणि कपाट उघडल्यामुळेच असं झालं हे कर्णधाराचं मत कायम आहे.

तिघी मात्र वर्ष संपेपर्यंत फक्त नोंदवहीच धरून होत्या. त्यांना मैदानात आणणारी युक्ती मला सापडली नाही. तिघींपैकी एकीकडे मी माझं स्टॉपवॉच देऊन टाकलं होतं, कारण ती सेकंद चुकवायची नाही. शेवटच्या आठवड्यात तास संपल्यावर तिनं वही माझ्यापुढे धरली. सामन्यांचे गुण नीट रकान्यांत लिहिले होते. खाली, मी न सांगितलेला एक रकाना तिनं स्वतः आखला होता.

‘बाई बोलल्या: ९ मि. १५ से.’